१८००-११-२३५६: पाकिटावरच्या नंबरला फोन लावावा का?

सिगरेट-तंबाखूच्या पाकिटावर छापलेला हा नंबर सरकारी क्विटलाइनचा, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या फोनसेवेचा. तो लावावा. आणि लावलात की घरात आपल्याबरोबर कोण राहतं ते खरं सांगावं. एलजीबीटी मंडळींसाठी ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. तिच्याबद्दल मराठीत कुणी लिहिलेलं माझ्या तरी वाचनात आलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

थोडी माझी ओळख. वय चव्वेचाळीस, राहायला कळव्याला, नोकरी ठाण्यात एका विमा कंपनीच्या क्लेम विभागात. पार्टनर आणि मी, आम्ही दोघी एकत्र राहतो. सोसायटीच्या लेखी आम्ही मावसबहिणी आहोत. सिगरेट कॉलेजात लागली ती चाळिशी उलटली तरी सोबत होती. दिवसाला एक पाकीट, ऑडिटच्या दिवसांत त्याहून जास्त. आता ओढत नाही. ती सुटायला तीन गोष्टी कामी आल्या: केंद्र सरकारची तंबाखू क्विटलाइन, केमिस्टकडे मिळणारं निकोटिनचं गम आणि मैत्रिणींचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. त्याआधी एका खासगी रुग्णालयाच्या तंबाखूमुक्ती कक्षातही जाऊन आले होते. या चारही ठिकाणी काय मिळालं आणि काय नाही, ते सांगते.

आपल्या लोकांत सिगरेट इतकी का मुरली, असं विचारलं की सगळे ताणाकडे बोट दाखवतात. ताण असतोच, लपवाछपवीने माणूस आतून सोलून निघतो. पण मी जवळून जे पाहिलं त्यात आणखीही काही होतं. मी विशीत होते तेव्हा बाईला बाई भेटण्याची ठिकाणं मुंबईत मोजकीच. कुणाच्या तरी घरी जमायचं, नाहीतर एखाद्या पार्टीला जायचं. आत गाण्यांचा दणदणाट, बोलणं अशक्य. ओळख व्हायची ती बाहेर, जिन्यावर किंवा गच्चीत, "लायटर आहे का गं?" एवढ्या भांडवलावर. सिगरेट संपेपर्यंत पाच-सात मिनिटं अनोळखी बाईशेजारी उभं राहायला कारण मिळायचं. नाही जमलं तर थोटूक विझवून आत निघून जायचं, कुणालाच वाईट वाटायचं नाही. माझी पार्टनर मला अशाच एका जिन्यावर भेटली. ती तर ओढतही नव्हती, मैत्रिणीचा लायटर सांभाळत उभी होती.

पुरुष मित्रांचं कारण वेगळं. स्टेशनबाहेर, बागेच्या कठड्यापाशी, समुद्राकाठी एकटा पुरुष नुसता उभा राहिला की हवालदार हटकणार. हातात सिगरेट असली की तो सिगरेट ओढायला थांबलाय, इतकं पुरेसं असायचं. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाच्या काळात या आडोशाने कितीजणांना वाचवलं असेल. माझी एक तृतीयपंथी मैत्रीण सिगरेटला शिवतही नाही, पण गायछाप आणि चुन्याची डबी तिच्या बटव्यात कायम. बाजार मागत, म्हणजे दुकानोदुकानी पैसे मागत, उन्हातान्हात फिरताना भूक मारायला तंबाखू लागते, असं ती सांगते. पहिली चिमूट तिच्या हातावर ठेवली तीही तिला घरात घेणाऱ्या माणसांनीच, प्रेमाने.

म्हणजे सोडायला बसलं की निकोटिनबरोबर ही भेटायची जागा, हा आडोसा, ही सोबतही सोडावी लागते. ज्या मदतीला हे कळत नाही ती आमच्यापर्यंत पोचतच नाही.

सिगरेट कंपन्यांना मात्र हे फार आधी कळलं होतं. अमेरिकेत आर. जे. रेनॉल्ड्स या कंपनीने १९९० च्या दशकाच्या मध्यात सॅन फ्रान्सिस्को शहरासाठी विक्रीची एक खास योजना आखली होती. गिऱ्हाईक कोण, तर कॅस्ट्रो भागातले गे पुरुष आणि टेंडरलॉइन भागातले बेघर लोक. योजनेचं कंपनीच्या कागदांतलं नाव 'प्रोजेक्ट स्कम'. समाजातला गाळ, या अर्थाचा शब्द. तंबाखू कंपन्यांवर खटले झाले तेव्हा हे कागद उजेडात आले. ज्यांच्या खिशात हात घालायचा त्यांच्याबद्दल मनात काय होतं, हे मला तरी विसरता येत नाही. त्याच शहरात 'द लास्ट ड्रॅग' या नावाने एलजीबीटी लोकांसाठी सिगरेट सोडण्याचे वेगळे, मोफत वर्गही भरत आले. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचे २०२० चे आकडे पाहिले तर लेस्बियन, गे, बायसेक्शुअल प्रौढांत सिगरेट ओढणारे १६.१ टक्के होते आणि बाकीच्यांत १२.३ टक्के. आपल्याकडे २०१६-१७ ची 'गॅट्स' ही प्रौढांच्या तंबाखूसेवनाची पाहणी सांगते की महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेतात. धूम्रपान करणारे त्यात ३.८ टक्केच, जास्त भरणा मशेरी, तंबाखू-चुना आणि गुटख्याचा. पुरुष किती, बायका किती, शहरात किती, खेड्यात किती, हे सगळं त्यात आहे. माणूस कुणावर प्रेम करतो, हा प्रश्न त्या पाहणीत नाही.

आता एक योगायोग. तंबाखूच्या पाकिटांवर 'आजच सोडा' असं लिहून क्विटलाइनचा नंबर छापायचा नियम लागू झाला १ सप्टेंबर २०१८ पासून. आणि ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाचा ३७७ वरचा निकाल आला. एकाच आठवड्यात सरकारने नंबर दिला आणि कोर्टाने तो लावून खरं बोलायची मुभा. मला हे दोन धागे जोडायला पुढे बरीच वर्षं लागली.

कारण मदत मागायला मी आधी गेले ती त्या खासगी रुग्णालयात. नाव देत नाही, कारण त्यांनी वेगळं काही केलं असं नाही, बहुतेक ठिकाणी असंच चालत असणार. कक्ष छान होता. भिंतीवर फुप्फुसाचं चित्र, टेबलावर फुंकर मारून श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजायचं यंत्र. फॉर्ममध्ये पतीचं नाव विचारलं होतं, तो रकाना मी कोरा ठेवला. समोरची समुपदेशक तरुण होती, वागायला नम्र. तिने रकाना पाहिला आणि तिथून गाडी रुळ सोडून गेली. एकट्या राहता म्हणून सवय वाढली असेल मॅडम. अजून लग्नाचा विचार केला तर मन रमेल. पुढे मूल हवं असेल तर गर्भाशयावर परिणाम होतो. पुढच्या वेळी आईला घेऊन या, फॅमिली सपोर्ट लागतो. निघताना हातात पत्रक दिलं, त्यावर पोटुशी बाई आणि तिच्यासमोर धुराचा ढग.

माझी फॅमिली दाराबाहेरच्या बाकावर माझी पर्स मांडीवर घेऊन बसली होती.

डॉक्टरांनी दिलेला सल्ला चुकीचा नव्हता, यंत्र खरं होतं, तपासणीही नीट झाली. पण सिगरेट सोडायची योजना घराच्या नकाशावर आखली जाते. मी ओढते कुठे? बाल्कनीत. का? कारण आत पार्टनर झोपलेली असते आणि तिला दमा आहे. कधी? रात्री जेवणं आटोपल्यावर, आणि पहाटे तिला जाग यायच्या आधी. पाकीट कोण लपवू शकेल, चिडचिड कोण सोसेल, मी ढासळले तर कुणाला कळेल? या सगळ्या प्रश्नांचं उत्तर एकच माणूस, आणि त्या टेबलावर त्या माणसाला बसायला खुर्चीच नव्हती. मी तिथे परत गेले नाही. पूर्वी सिनेमाआधी लागायची त्या सरकारी जाहिरातीतही बाप धूर सोडायचा आणि लहान मुलगी त्याच्याकडे बघत राहायची. ती बघून मला दरवेळी गलबलायचं. पण ज्यांच्या घरात ती मुलगी नाही, त्यांना कुणासाठी सोडा म्हणणार?

आता क्विटलाइन. सेवा सुरू झाली २०१६ साली, दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधून. २०१८ मध्ये मुंबईचं टाटा मेमोरियल सेंटर, बंगळुरूचं निमहान्स आणि गुवाहाटीची डॉ. भुवनेश्वर बरुआ कर्करोग संस्था तिला जोडल्या गेल्या. त्यामुळे मराठीतून बोलता येतं, आणि हे फार मोठं आहे. मी ऑफिसात दिवसभर इंग्रजीतून मेल लिहिते, पण तलफ म्हणजे नक्की काय होतं ते मला मराठीतच सांगता येतं. फोनला पैसे पडत नाहीत. सिगरेट, विडी, तंबाखू, गुटखा, मशेरी, काहीही सोडायचं असो, नंबर एकच.

शनिवारी दुपारी भाकऱ्या उरकून, तवा उतरवून, ओट्याला टेकून मी फोन लावला. पार्टनरची रेल्वेत ड्यूटी होती. पलीकडे एक बाई होत्या, आवाजावरून माझ्याच वयाच्या. किती वर्षं, दिवसाला किती, याआधी सोडायचा प्रयत्न केला होता का, काही आजार, काही गोळ्या. मग विचारलं, सकाळी उठल्यापासून पहिली सिगरेट किती वेळात? मी म्हटलं, चहा उकळायच्या आत. त्यांनी समजावलं की दिवसाला किती ओढता यापेक्षाही हे उत्तर जास्त बोलतं. उठल्यावर अर्ध्या तासात लागत असेल तर शरीराची मागणी पक्की झाली आहे, मग नुसत्या निश्चयावर विसंबायचं नाही. हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. तोवर प्रत्येकाने मला मनाच्या ताकदीवरच ऐकवलं होतं.

मग तो प्रश्न आला.

"घरी तुमच्यासोबत कोण असतं, मॅडम? या दिवसांत साथ देईल असं कुणी?"

"माझी पार्टनर. आम्ही दोघी बरीच वर्षं एकत्र राहतो."

पलीकडे टायपिंगचा आवाज चालू होता, तो थांबला नाही.

"त्या ओढतात?"

"नाही. तिला दमा आहे."

"मग त्यांची चांगली मदत होईल आपल्याला. पहिला आठवडा तुमची चिडचिड होणार, त्यांना आधीच सांगून ठेवा. रात्री जेवण झालं की बाल्कनीत जाता म्हणालात ना? त्या वेळी दोघी खाली फिरायला जात जा."

बस्स. लग्नाचा विषय नाही, कौतुकही नाही, अवघडलेली शांतताही नाही. 'त्या' म्हणून माझ्या पार्टनरचा उल्लेख झाला आणि तिच्या वाट्याला एक काम आलं. मी ओट्याला टेकून उभी होते, फोन ठेवल्यावर खाली फरशीवर बसले आणि बराच वेळ उठले नाही. घरच्यांनी जे नातं अजून नाव घेऊन उच्चारलेलं नाही, ते एका सरकारी नोंदीत 'साथ देणारी व्यक्ती' म्हणून गेलं असेल, या विचाराने मला भरून आलं होतं.

पुढचं सगळं काम व्यवस्थित झालं. सोडायची तारीख दोन आठवड्यांच्या आत ठरवायची असते, फार लांबची चालत नाही. मी ऑडिट संपल्यानंतरचा मंगळवार धरला. तोपर्यंत प्रत्येक सिगरेट कधी, कुठे, कशामुळे, हे टिपून ठेवायला सांगितलं. तलफ आली की चार गोष्टी: थोडा वेळ टाळायची, खोल श्वास घ्यायचे, घोट घोट पाणी प्यायचं, हात दुसऱ्या कशात तरी गुंतवायचे. वाचताना साधं वाटतं, पण तलफेची लाट काही मिनिटांत ओसरते हे माहीत असलं की त्या साध्या गोष्टींना अर्थ येतो. लायटर, रक्षापात्र, जुन्या पर्समधली चुकार सिगरेट, सगळं आदल्या रात्री घराबाहेर. ते काम पार्टनरने केलं, कपाटं उपसून. ठरलेल्या दिवशी त्यांच्याकडूनच फोन आला, आणि नंतरही अधूनमधून येत राहिला. एकदा दुसऱ्याच समुपदेशक होत्या. त्यांनी नोंद बघून विचारलं, "पार्टनर काय म्हणतात, चिडचिड कमी झाली का?" म्हणजे पहिल्या बाईंनी लिहून ठेवलं होतं.

प्रत्येकाला असाच अनुभव येईल, अशी हमी मी देऊ शकत नाही. माणसं वेगवेगळी असतात. पण फोनवर समोर चेहरा नसतो, रांगेत ओळखीचं कुणी नसतं, फॉर्मवरचा कोरा रकाना कुणी बघत नाही, आणि नाही पटलं तर फोन ठेवून पुन्हा लावता येतो. लपून जगणाऱ्या माणसासाठी या बाजू मोठ्या आहेत.

गमबद्दल जरा नीट लिहिते, कारण मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यातल्या निम्म्या लोकांनी ते चुकीचं चघळून सोडून दिलं होतं. मी निकोटेक्स घेतलं. २ मिलिग्रॅमचं चिठ्ठीशिवाय मिळतं, ४ मिलिग्रॅमला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. उठल्यावर अर्ध्या तासात सिगरेट लागत असेल तर ४ वालं, त्यानंतर लागत असेल तर २ वालं, असा ढोबळ हिशेब. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. साध्या च्युइंगगमसारखं सलग चावलं की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, उचकी लागते, मळमळतं, घसा जळतो आणि तलफ तशीच राहते. हळूहळू चावायचं, जिभेला तिखट चुणचुण जाणवली की थांबायचं आणि आजी सुपारीचं खांड धरायची तसं गालात धरून ठेवायचं. चुणचुण कमी झाली की पुन्हा चावायचं, मग दुसऱ्या गालात. साधारण अर्धा तास. निकोटिन तोंडाच्या अस्तरातून शोषलं जातं, आणि तोंडात आंबटपणा असला तर ते शोषणच बिघडतं. म्हणून गम घ्यायच्या आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक काही नाही. चहाबाज माणसाला हे जड जातं. मला सर्वात जड गेलं ते हेच, कारण माझी सकाळची सिगरेट आणि चहा एका जन्माचे सोबती. शेवटी मी आधी गम आणि मग चहा असा क्रम लावला.

सुरुवातीला दर एक-दोन तासांनी एक, मग हळूहळू कमी करत साधारण तीन महिन्यांत बंद. चव पुदिन्याची, बरी आहे. जबडा दुखतो. दातांची कामं झालेल्यांना त्रास होईल, त्यांनी त्वचेवर चिकटवायच्या निकोटिनच्या पट्टीचं विचारावं. बाकी तलफेची धार गमने नक्की बोथट होते. पार्टीत तरुण मुलंमुली व्हेप पुढे करून "हे घे, याने सुटते" म्हणतात. ई-सिगरेटची विक्री, उत्पादन आणि जाहिरात आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने बंद आहे. चोरून मिळणाऱ्या नळकांड्यात काय भरलंय ते देणाऱ्यालाही माहीत नसतं. त्या वाटेला जाऊ नका.

आपल्यातल्या काहींसाठी आणखी दोन-तीन गोष्टी, ज्या पत्रकांत येत नाहीत. माझ्या एका ट्रान्स मित्राची छातीची शस्त्रक्रिया ठरली तेव्हा सर्जनने आधीचे आणि नंतरचे काही आठवडे निकोटिन पूर्ण बंद करायला सांगितलं, आणि त्यात गमसुद्धा आलं. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, त्वचेला रक्त कमी पोचतं, जखम भरत नाही. म्हणून त्याने क्विटलाइनच्या आधारावर गम न घेता सोडली. अवघड गेलं, पण समोर तारीख होती आणि ज्या शरीराची त्याने इतकी वर्षं वाट पाहिली ते त्या तारखेला मिळणार होतं. असं कारण कुठल्याच जाहिरातीत नसतं. इस्ट्रोजेन घेणाऱ्या मैत्रिणींनी सिगरेटबद्दल आपल्या डॉक्टरांशी मोकळेपणी बोलावं, दोन्ही एकत्र आल्याने रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. आणि एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, नियमित घेणारे मित्र, तुम्हाला हे मनापासून सांगते: २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात एचआयव्हीसह जगणाऱ्या धूम्रपान करणाऱ्यांची सिगरेटमुळे गमावलेली वर्षं सरासरी १२.३ निघाली, आणि एचआयव्हीमुळे गमावलेली ५.१. रोजची गोळी न चुकवता घेऊन जी वर्षं तुम्ही परत मिळवली, ती सिगरेटला देऊ नका. सिगरेट सोडायच्या गोळ्या घ्यायच्या असतील तर आधी एआरटी केंद्रातल्या डॉक्टरांना विचारा, काही औषधांचं एकमेकांशी जमत नाही.

क्विटलाइनची वेळ सकाळी आठ ते रात्री आठ, सोमवारी बंद. आमच्या पार्ट्या सुरू होतात रात्री दहाला. ही फट भरायला आम्ही 'जिना' नावाचा ग्रुप काढला. नियम सोपा: कुणी 'तलफ' एवढंच टाइप केलं की जी जागी असेल तिने लगेच फोन करायचा आणि सिगरेट सोडून जगातल्या कशावरही बोलायचं. मी पुरणपोळीच्या कणकेवर बोलले आहे, लोकलच्या मेगाब्लॉकवर बोलले आहे, एकीच्या मोडलेल्या प्रेमावर रात्री दीडपर्यंत ऐकत बसले आहे. तलफ दहा मिनिटांत गेलेली असते, माणूस तासभर बोलत राहतं. जिन्यावर जे मिळायचं ते इथे धुराशिवाय मिळतं. कुठल्याही गोळीइतकाच याचा उपयोग झाला, असं मी ठामपणे म्हणेन, आणि हे कुणालाही करता येण्यासारखं आहे.

कार्यक्रम भरवणाऱ्या मंडळींना माझी एक विनंती. हॉलच्या बाहेर शांत, उजेडाची, बसायला चार खुर्च्या आणि प्यायला पाणी असलेली एक जागा ठेवा, जिथे ओढायला मनाई आहे. नव्याने आलेल्या मुलीला गप्पा मारायला बाहेर यायचं असेल तर आज तिला धुरातच उभं राहावं लागतं, आणि सगळ्यांच्या हातात आहे म्हणून तिच्याही हातात येते. आणि संस्थांना विनंती अशी की मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून आणि पुण्यात समपथिक ट्रस्ट २००२ पासून आपल्या लोकांत उतरून काम करतात, आपल्यातल्याच माणसाने आपल्या माणसाला गाठायचं हे तंत्र एचआयव्हीच्या कामात घासूनपुसून तयार झालंय. तेच तंत्र तंबाखूसाठी वापरता येईल. क्विटलाइन आणि रुग्णालयांच्या समुपदेशकांसाठीही सोय आहे: मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह या मानसिक आरोग्याच्या संस्थेचा क्वीअर अफर्मेटिव्ह, म्हणजे एलजीबीटी माणसाला आहे तसं स्वीकारून करायच्या, समुपदेशनाचा अभ्यासक्रम. तो सगळ्यांना द्यावा. मग खरं ऐकून घेणारा माणूस फोनवर मिळणं नशिबावर राहणार नाही.

आणखी एक. नंबर छापलेला असतो पाकिटावर, आणि आपल्यातले कितीतरी जण एकेक सुटी सिगरेट घेतात. महाराष्ट्रात सुटी सिगरेट आणि विडी विकायला सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे, तरी टपरीवर मिळते. सुटी सिगरेट घेणाऱ्याला ना इशारा दिसतो, ना नंबर. म्हणून पाकिटावरच अवलंबून न राहता हा नंबर स्वच्छतागृहाच्या दारामागे, एआरटी केंद्राच्या बाकावर, प्राइड मोर्च्याच्या फलकांवर लागायला हवा.

गुण द्यायचे तर क्विटलाइनला पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो रात्रीच्या वेळेसाठी. गमला चार. 'जिन्या'ला पैकीच्या पैकी. रुग्णालयाच्या कक्षाला एक, यंत्रासाठी.

माझ्या तृतीयपंथी मैत्रिणीने गेल्या महिन्यात क्विटलाइनला फोन केला, गायछापसाठी. तिला 'मॅडम' म्हणून बोलावलं, हे तिने मला तंबाखूबद्दल काही सांगायच्या आधी सांगितलं. तिचं चालू आहे, दिवसाच्या पुड्या कमी झाल्यात. तिच्या सोबतच्या आणखी दोघींना फोन करायचा आहे, पण त्यांच्या फोनवर सारख्या उधारीवाल्यांच्या धमक्या येतात म्हणून त्यांनी तो बंद ठेवलाय. येत्या रविवारी दुपारी मी माझा फोन घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे. मुंब्रा-कळवा भागातलं आणखी कुणी दर रविवारी तासभर देऊ शकत असेल तर या लेखाखाली लिहा.